सोन्याच्या भावाने : प्रस्तावना

‘सोन्याच्या भावाने घर विकलं.’ हे वाक्य दोनदा वाचा. पहिल्या वाचनात घराला घसघशीत किंमत आली आहे, विकणारा कोण ते कळत नाही. दुसऱ्या वाचनात किमतीचा पत्ता नाही, पण विकणारा सापडतो. सोन्या नावाचा कुणी मुलगा आहे, त्याच्या भावाने घर काढून टाकलं आहे. आता हेच वर्तमानकाळात म्हणून पाहा. ‘सोन्याचा भाऊ घर विकतो’ आणि ‘सोन्याच्या भावाने घर विकतो’ अशी दोन वेगळी वाक्यं होतात. कोटी गेली.

ती जाते कुठे? सोनं आणि सोन्या, भाव आणि भाऊ यांत एरवी कुणाची गफलत व्हायची नाही. पण मराठी नाम प्रत्यय लागण्याआधी आपलं रूप बदलून घेतं. सोनंचं ‘सोन्या’ होतं आणि ते मुलाच्या नावाला जाऊन मिळतं. भाऊचं ‘भावा’ होतं आणि ते बाजारभावाशी एकरूप होतं. त्यात भूतकाळातलं सकर्मक क्रियापद कर्त्यालाही ‘ने’ लावायला सांगतं, आणि किमतीलाही ‘ने’च लागतो. सामान्यरूपाच्या दोन टकरा आणि तृतीयेचे दोन उपयोग, एवढं सगळं चार शब्दांत घडतं. ज्याला हसू येतं त्याला यातलं एकही पारिभाषिक नाव ठाऊक नसतं आणि तरीही सगळं व्याकरण त्याच्या डोक्यात बिनचूक चाललेलं असतं.

मराठी कोटी उकलायची तर शब्दकोशाच्या आधी व्याकरण उघडावं, हे या पुस्तकाचं मुख्य म्हणणं. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं. त्यातला सामान्यरूपाचा भाग शाळेत रुक्ष म्हणून टाळला जातो. कोटीबाजाच्या नजरेने पाहिलं तर ती खाण आहे. माळा आणि माळी दोघेही ‘माळ्यावर’ येऊन भेटतात, मग चढलं कशावर आणि भिस्त कुणावर हा प्रश्न पडतो. उलटही होतं. फुलांची माळ आणि ओसाड माळ प्रथमेत सारखे दिसतात, पण ‘माळेवर’ आणि ‘माळावर’ म्हटलं की वाटा फुटतात.

लिंगाचं तर वेगळंच. हार गळ्यातला असेल तर पुल्लिंगी, निवडणुकीतली असेल तर स्त्रीलिंगी. ‘हार मिळाला’ म्हटलं की फुलं, ‘हार मिळाली’ म्हटलं की डिपॉझिट. कसलेला माणूस म्हणतो, ‘आज दोन्ही उमेदवारांना हार मिळणार.’ ‘णार’ला लिंग नसतं. तेवढ्या एका प्रत्ययाच्या आडोशाला सबंध विनोद उभा राहतो. ही कोटी जुनी आणि झिजलेली आहे हे मान्य, पण तिची बांधणी पाहण्यासारखी आहे.

आपल्याकडे या सगळ्याचा विचार फार पूर्वी आणि फार गंभीरपणे झाला. श्लेष म्हणजे चिकटणं, आलिंगन. काश्मीरच्या रुद्रटाने नवव्या शतकात श्लेषाचे आठ प्रकार मांडले : वर्ण, पद, लिंग, भाषा, प्रकृती, प्रत्यय, विभक्ती आणि वचन. वर ‘हार’ची जी गोष्ट सांगितली ती त्याच्या लिंगश्लेषाच्या घरची, आणि ‘सोन्याच्या भावाने’ प्रकृती-विभक्तीच्या. शब्द तोडून दुसरा अर्थ निघत असेल तर सभंग, न तोडता निघत असेल तर अभंग. (नवख्या विद्यार्थ्याला ‘अभंग श्लेष’ म्हणजे तुकोबांच्या अभंगातला श्लेष वाटतो. त्याला हसू नये. त्याने नकळत चांगली कोटी केलेली असते.)

या दोहोंवरून शास्त्रकारांत जुंपली. रुय्यकाचं म्हणणं, सभंगात दोन शब्द लाख आणि लाकडासारखे एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून तो शब्दाचा अलंकार. अभंगात शब्द एकच, त्याला एका देठाच्या दोन फळांसारखे दोन अर्थ, म्हणून तो अर्थाचा. त्याच्या आधीच होऊन गेलेल्या मम्मटाचं मत वेगळं होतं. त्याची कसोटी सरळ होती : शब्द काढून समानार्थी शब्द घाला. गंमत टिकली तर ती अर्थाची, मेली तर शब्दाची. ‘भावाने’च्या जागी ‘दराने’ घाला, सोन्याचा भाऊ गायब. आजही एखादी कोटी तपासायला याहून चांगलं हत्यार मला सापडलेलं नाही.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. संस्कृतातला श्लेष हसवायला नव्हता. सुबंधूने ‘वासवदत्ते’त अक्षराअक्षरात श्लेष भरल्याची बढाई मारली. धनंजय आणि कविराज यांनी रामायण आणि महाभारत एकाच वेळी सांगणारी काव्यं लिहिली, तोच श्लोक एका वाचनात रामाचा आणि दुसऱ्या वाचनात पांडवांचा. आपल्या दख्खनवर राज्य करणाऱ्या राष्ट्रकूटांच्या काळात, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, त्रिविक्रमभट्टाने ‘नलचंपू’त सभंग श्लेषाची रास घातली. ही विद्वत्तेची मिरवणूक होती. जपानी वाका-कवितेतही ‘मात्सु’ या एका उच्चारात पाइनचं झाड आणि वाट पाहणं हे दोन्ही अर्थ येतात आणि तिथे कुणी हसत नाही. श्लेष म्हणजे हलका विनोद हा समज पुष्कळसा इंग्रजी शाळेतून आला असावा. १७६५ साली सॅम्युएल जॉन्सनने शेक्सपिअरच्या शब्दखेळांवर जी चिडचिड केली ती तिथल्या समीक्षकांनी मनावर घेतली, आणि मग आपणही.

मराठीत ही परंपरा पंडित कवींकडे आली. वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ हे नाव पडलं ते उगाच नव्हे. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) रामायणं लिहिली ती शंभरावर, आणि त्यातल्या अनेकांत भाषेला काही ना काही अट घालून. निरोष्ठ रामायणात ओठ जुळून उच्चारली जाणारी अक्षरंच नाहीत. म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. रामकथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचं नाही! कुणी याला कसरत म्हणेल. मलाही पुष्कळदा ती कसरतच वाटते. पण कसरत करणाऱ्याला आपल्या शरीराची जितकी ओळख असते तितकी पंतांना मराठीची होती.

त्याच काळात, त्याच भाषेत, दुसऱ्या आळीला वेगळा कारभार चालला होता. कलगी-तुऱ्याचे फड रात्र रात्र भेदिकात एकमेकांना कोडी घालत होते. कलगीवाले शक्तीचे, तुरेवाले शिवाचे, आणि हरणाऱ्याची फजिती सगळ्या गावासमोर. तमाशात गण-गवळणीनंतर बतावणी येई. सोंगाड्या सरदाराच्या प्रत्येक शब्दाचा भलता अर्थ लावत सुटे, कारण ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचा शब्द वाकवणं एवढीच सत्ता सोंगाड्याकडे असते. लग्नघरात बायका उखाण्यात नाव गुंफत होत्या, विहिणीला टोमणे मारणारी गाणी म्हणत होत्या. आमच्या कल्याणच्या बाजूला आगरी लग्नात धवलारीण आजही धवळे गाते. यातलं कशाचंही नाव अलंकारशास्त्राच्या पुस्तकात येत नाही.

इथे मला आनंदवर्धनाची साक्ष काढायची आहे. ‘ध्वन्यालोका’त त्याने एक बारीक भेद केला. दोन्ही अर्थ सरळ सांगितलेले असले तर तो श्लेष. संदर्भामुळे एकच अर्थ उघड बोलला जातो आणि दुसरा नुसता सुचतो, तेव्हा तो ध्वनी, आणि ध्वनी हा काव्याचा प्राण. आता तमाशातला किंवा दादा कोंडक्यांच्या (१९३२–१९९८) सिनेमातला द्व्यर्थी संवाद घ्या. कागदावर तो सोवळा असतो. गाईविषयी, चुलीविषयी, सायकलीविषयी काहीतरी साधं चाललेलं असतं. दुसरा अर्थ कुणी बोलत नाही, एक क्षणभराचा विराम आणि प्रेक्षकाचं डोकं मिळून तो तयार करतात. म्हणजे शास्त्राच्या काट्यावर तोलायचं तर पंडिती श्लेषापेक्षा बतावणीच ध्वनीच्या जास्त जवळ जाते! हे वाचून काही विद्वान रागावतील. त्यांनी आनंदवर्धनावर रागवावं.

अर्थात प्रत्येक द्व्यर्थी वाक्य काव्य असतं असं मी म्हणत नाही. बरीचशी वाक्यं एकाच वाटेने एकाच जागी जातात आणि तिसऱ्यांदा कंटाळा येतो. पण त्यांची यंत्रणा समजून घ्यायला हवी. बोलणारा कधीही म्हणू शकतो, ‘मी साधंच बोललो, तुमच्या मनात पाप.’ परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता जाते, विराम जात नाही. वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे वगनाट्य याच आधारावर रंगलं. दादा त्यात रोजच्या राजकारणावरचे टोले आयत्या वेळी मिसळत आणि कागदावर त्याची नोंद नसे.

हीच ढाल राजकीय गाण्यांनी वापरली. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावाकडं राहिली’ या छक्कडीत गावी राहिलेली बायको आहे आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूखही आहे. काटेकोर शास्त्री याला श्लेष म्हणणार नाही, अन्योक्ती किंवा रूपक म्हणेल. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत ते ऐकणाऱ्या गिरणी कामगाराला त्या भेदाची गरज पडली नाही. त्याची बायको खरोखरच गावी होती.

छापील कोटीचा इतिहास सगळ्यांना थोडाफार माहीत असतो, म्हणून तो लवकर सांगतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी (१८७१–१९३४) नाटकातल्या पात्रांना कोटीशिवाय बोलू दिलं नाही. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) त्यांच्याही पुढे गेले. ‘एकच प्याला’तला तळीराम इतका रुजला की आज ते विशेषनाम उरलंच नाही, कुणाही दारुड्याला लावता येतं. पण गुरुशिष्यांचे कित्येक संवाद आज पचत नाहीत. पात्र रडत असतानाही कोटी करतं, आणि मग ना धड रडू येतं ना हसू. आचार्य अत्र्यांनी (१८९८–१९६९) कोटी रंगमंचावरून उचलून सभेत आणि १९५६ साली निघालेल्या ‘मराठा’ दैनिकाच्या पानांवर नेली. तिथे ती हत्यार झाली.

गडकरी गेले त्याच वर्षी पु. ल. देशपांडे जन्मले. लोक त्यांना ‘कोट्याधीश’ म्हणतात. त्यांच्या संवादातल्या कोट्यांपेक्षा मला दोन शीर्षकं मोठी वाटतात. युरोपच्या प्रवासवर्णनाचं नाव ‘अपूर्वाई’, आशियाच्या प्रवासाचं ‘पूर्वरंग’. अपूर्वाई म्हणजे कौतुक, नवलाई. तोडून वाचा : अ-पूर्व, पूर्व नसलेली दिशा. पूर्वरंग म्हणजे पूर्वेचे रंग, आणि कीर्तनाचा आधीचा भाग, आणि नाटकाची नांदीही. पहिलं पुस्तक एकटं असताना त्यातला पश्चिमेचा अर्थ फारसा जाणवत नाही. दुसरं शेजारी आलं की पहिलंही उलगडतं. दोन पुस्तकांत वाटून दिलेला सभंग श्लेष मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

कोटी कानाची की डोळ्याची, हाही एक मोठा प्रश्न. आपली लिपी उच्चाराला धरून चालते, तरी पुरती नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ बोलताना एकच होतात, म्हणून ‘मराठी भाषा दिन’ दरवर्षी २७ फेब्रुवारीला त्याच विनोदाला बळी पडतो. उलट ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे कागदावर सारखे आणि तोंडात निराळे. आकडा ‘चार’ आणि गुरांना ‘चार’ ही आज्ञा, यांचंही तसंच. या कोट्या छापल्याशिवाय होत नाहीत. त्यात लेखननियमांनीही हातभार लावला. पूर्वी बँकेतलं ‘खातें’ अनुस्वारासह लिहीत आणि ‘ती खाते’ अनुस्वाराविना. १९६२ साली शासनमान्य झालेल्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि खाते व खाते एक झाले. बोलण्यात तर ‘हे खातं काय काय खातं’ हे आधीपासून होतंच.

आता आमच्या भागाविषयी. आंबिवली स्टेशनाला उतरून मोहन्यात येताना पाटीकडे पाहणाऱ्या प्रत्येक शाळकरी पोराला कधी ना कधी ती तोडावीशी वाटते : ‘मोह ने’. देवाला केलेली विनंती आणि पिनकोड असलेला पत्ता, एकाच शब्दात. कल्याणला जाणाऱ्याचं कल्याण होतं हा विनोद तर आमच्याकडे चहाबरोबर मिळतो. पण खरी गंमत ठाण्याची. ‘तो चार वर्षं ठाण्यात होता’ यात गावही आहे आणि पोलीसही. ‘त्याला ठाण्याला न्यायला पाहिजे’ म्हटलं की १९०१ सालापासूनचं मनोरुग्णालय आठवतं. पुण्याकडे हेच काम येरवडा करतो, तिथे रुग्णालयाच्या जोडीला तुरुंगही आहे.

मोहन्याची वस्ती वाढली ती एनआरसीच्या रेयॉन कारखान्याभोवती. मूळचे आगरी-कोळी, कामाला आलेले खानदेशी, घाटावरचे, कोकणातले, उत्तरेकडचे. अशा गावात रुद्रटाचा भाषाश्लेष पुस्तकात शोधावा लागत नाही. मराठीत ‘शिक्षा’ झाली की पाठ शेकते, हिंदीत शिक्षा झाली की पदवी मिळते. मराठी माणूस ‘सरकारी यंत्रणा’ म्हणतो तेव्हा त्याला कार्यालयं अभिप्रेत असतात, हिंदीत यंत्रणा म्हणजे यातना. दोन्ही भाषा येणाऱ्याला कुठला अर्थ बरोबर हे ठरवता येत नाही. कारखाना २००९ साली बंद पडला. टाळं, टाळ, टाळी आणि टाळणं हे चार शब्द एकमेकांच्या इतके जवळ का राहतात, याचा विचार बंद फाटकासमोर मनात येतोच. त्या कोट्या हसण्यासाठी नसतात, आणि अशा कडू कोट्यांसाठी पुस्तकात वेगळी जागा केली आहे.

मग हे पुस्तक आत्ताच का? कारण कोटी ज्या व्याकरणावर उभी आहे ते आपल्या डोळ्यांदेखत सरकतं आहे. ‘भावाला सांग’ऐवजी ‘भाऊला सांग’ कानावर येतं. ‘ठाण्यात’च्या जागी ‘ठाणेमध्ये’ छापलं जातं, ‘पुण्याला’च्या जागी ‘पुणेला’ बोललं जातं. शुद्धलेखनाच्या नावाने गळा काढायचा माझा हेतू नाही. भाषा बदलतात, सामान्यरूपही एके काळी कुणीतरी बदलूनच आणलं असेल. पण ज्या दिवशी सगळे ‘भाऊने’ म्हणू लागतील त्या दिवशी सोन्याच्या भावाने घर विकलं तर त्यात फक्त किंमतच उरेल. एखादी कोटी एका पिढीला कळते आणि पुढच्या पिढीला समजावून सांगावी लागते, तेव्हा मधल्या काळात व्याकरणाचा नेमका कोणता सांधा निखळला ते त्या कोटीवरून दाखवता येतं. माणसं आपल्या भाषेविषयी खोटं बोलतात. परकी वाटेल म्हणून, गावंढळ वाटेल म्हणून रूपं लपवतात. हसू मात्र आपसूक येतं किंवा येत नाही.

दुसऱ्या बाजूने नव्या कोट्या येतच आहेत. एकादशीला फास्ट आणि ८.१२ची फास्ट यांची सांगड घालायला डब्यातल्या कुणालाही इंग्रजी शिकावं लागत नाही. (कल्याणच्या पुढे फास्ट काय नि स्लो काय, सगळ्या गाड्या सगळीकडे थांबतात. उपवासाचंही बहुतेकांचं तसंच.) रोमन लिपीत मराठी टाइप करणाऱ्या पोरांनी तर दीर्घ-ऱ्हस्वाचा आणि द-डचा भेदच पुसून टाकला. त्यांच्या हातून उद्या कसले श्लेष निघतील याचा अंदाज रुद्रटालाही आला नसता. यंत्राकडून भाषांतर करून घेणाऱ्यांनी ‘सोन्याच्या भावाने’ एकदा टाकून पाहावं. यंत्र एक अर्थ निवडतं आणि पुढे जातं. निवड न करता दोन्ही अर्थ हातात धरून ठेवणं, हे श्लेषाचं काम.

पुस्तकात काय आहे ते थोडक्यात. हा विनोदसंग्रह नाही. निवडक कोट्या घेऊन त्यांचे सांधे उकलून दाखवले आहेत, आणि पंडिती, तमाशातली, लग्नघरातली, वर्तमानपत्रातली अशी आळीनिहाय वाटणी मुद्दाम टाळली आहे. मोरोपंतांच्या शेजारी बतावणी बसली आहे, कारण व्याकरणाच्या दृष्टीने ती तिथेच बसते. विनोद समजावून सांगितला की मरतो असं म्हणतात. कच्चा असतो तो मरतो. पक्का असेल तर उकलल्यावर त्याच्या करणाऱ्याविषयी आदर वाढतो, असा माझा अनुभव आहे.

काही गोष्टी वगळल्या आहेत. आडनावांवरून जात हुंगणाऱ्या आणि माणसाच्या व्यंगावर बेतलेल्या कोट्या घेतलेल्या नाहीत. मराठीत त्यांचा साठा मोठा आहे आणि काहींची कारागिरीही चोख आहे. तरी नाही. द्व्यर्थी संवाद मात्र सोवळे करून घेतलेले नाहीत. ते तसेच आहेत, आणि शिक्षकांनी वर्गात वाचण्याआधी एकदा चाळून घ्यावेत.

शेवटी वाचनाची सोय. च, ज, झ यांचा दंततालव्य उच्चार जिथे कोटीला आवश्यक आहे तिथे अक्षराखाली टिंब दिलं आहे. सभंग श्लेष पहिल्यांदा सलग छापला आहे आणि तोडलेलं रूप पान उलटल्यावर येतं, म्हणजे ज्याला आपणहून तोडायचं त्याला संधी मिळावी. जमेल तिथे मोठ्याने वाचावं. बोलीतल्या कोट्या प्रमाण मराठीत बदललेल्या नाहीत. ज्या बोलीतली कोटी, त्याच बोलीतली माणसं तिच्या उच्चाराविषयी शेवटचा शब्द बोलतील, आणि त्यांनी दुरुस्त्या कळवल्या तर पुढच्या आवृत्तीत त्या जशाच्या तशा घेतल्या जातील.

मोहने, ता. कल्याण